चावी बंद, तरी बॅटरीचा लाल दिवा मंद जळतो – अल्टरनेटर उघडून आत काय काय तपासू?

ओतूरचा_पिकअपवाला:

नमस्कार मंडळी. माझी डिझेल पिकअप आहे, १२ व्होल्टची, जुनी पण इंजिन ठणठणीत. रात्री भाजी भरतो, माळशेजने उतरतो आणि मुरबाड-कल्याण करत पहाटे वाशी मार्केटला माल टाकतो. सध्या घाटात धुकं आहे, म्हणजे हेडलाइट, वायपर आणि काचेचा ब्लोअर तिन्ही चालू ठेवावे लागतात. तेवढ्यात हेडलाइट पिवळे पडतात. रेस दिली की थोडे उजळतात, सोडली की पुन्हा पिवळे. अशा उजेडात घाट उतरणं मला नको वाटतं.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पूर्वी चावी फिरवली की ठळक लागायचा आणि गाडी चालू झाली की विझायचा. आता चावी फिरवल्यावर लागतच नाही. उलट चावी काढून घेतली की अंधारात मंद जळताना दिसतो. गाडी रात्रभर उभी राहिली तर सकाळी सेल्फ उचलत नाही.

मीटरने मोजलेलं असं: चार्ज करून ठेवलेली बॅटरी १२.६. गाडी चालू, सगळं बंद, १३.३. सगळे दिवे लावले की १२.३. बॅटरीवाल्याने लोड टाकून बघितलं, बॅटरी चांगली आहे म्हणाला. गॅरेजमध्ये सांगितलं, 'डायनामो गेला, नवा टाका.' (बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरलाच ते डायनामो म्हणतात.) आत नक्की काय गेलं असं विचारलं तर उत्तर नाही.

विहिरीवरच्या मोटारीची किरकोळ कामं मी स्वतः करतो. मीटर, सोल्डरिंग आयर्न, पाने सगळं आहे. मला आतला एकेक भाग तपासायचा आहे. क्रम कसा ठेवू?

---

माल_वेळेवर:

भाऊ, हंगामात एवढं करत बसू नका. रिकंडिशन केलेला डायनामो बसवा आणि गाडी रस्त्यावर आणा. भाजी थांबत नाही. जुना घरी ठेवा, सवडीने उघडून बघा.

---

वाइंडिंगवाली_आष्टा:

दादा, मी आष्ट्याला वाइंडिंगचं काम करते. सासऱ्यांचं दुकान आहे. मोटारी, स्टार्टर, अल्टरनेटर सगळं येतं. तुम्ही लिहिलेल्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तो दिवा. चावी काढल्यावर जळतो आणि चावी फिरवल्यावर लागत नाही. एवढ्यावरून माझा संशय पॉझिटिव्ह बाजूच्या डायोडवर जातो (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). का ते सांगते, म्हणजे पुढची तपासणी डोळे मिटून होणार नाही.

त्या दिव्याचं एक टोक चावीकडे जातं, दुसरं अल्टरनेटरवरच्या डी प्लस (D+) टर्मिनलकडे. चांगल्या गाडीत चावी फिरवली की चावीच्या बाजूने १२ व्होल्ट येतात, डी प्लस जवळपास शून्यावर असतो, म्हणून दिवा लागतो. अल्टरनेटर चार्जिंग करू लागला की डी प्लसवरही तेवढेच व्होल्ट येतात, दोन्ही टोकं सारखी होतात, दिवा विझतो. आता पॉझिटिव्हचा एक डायोड शॉर्ट झाला असं धरा. बॅटरीचा करंट बी प्लसमधून (B+, बॅटरीची जाड वायर लागते ते टर्मिनल) उलटा स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, वाइंडिंगमध्ये शिरतो, तिथून छोट्या फील्ड डायोडमधून डी प्लसवर येतो आणि कटआउट (व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर) नि कार्बन (ब्रश) यांमधून रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला जातो. म्हणजे डी प्लसवर कायम व्होल्ट. चावी लावली तर दोन्ही टोकं सारखी, दिवा लागणार नाही. चावी काढली तर चावीकडचं टोक शून्यावर येतं आणि दिवा उलट्या दिशेने जळतो. तुमचं चित्र हेच आहे.

पण चित्रावरून भाग बदलू नका. पाना लावायच्या आधी या गोष्टी बघा.

गाडी बंद, चावी काढलेली, दारं लावलेली. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि मीटर १० अँपच्या रेंजवर ठेवून टर्मिनल नि वायर यांच्यामध्ये लावा. लाल वायर मीटरच्या १० अँपच्या भोकात हवी. हे लावलेलं असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. चांगल्या गाडीत घड्याळ, रेडिओ धरून काही मिलीअँप दिसतात, फार तर ५० पर्यंत. तुमच्याकडे अँपमध्ये दिसेल असं मला वाटतं. मग निगेटिव्ह सोडलेलंच ठेवून अल्टरनेटरची बी प्लसची जाड वायर काढा, तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळा आणि परत मोजा. करंट गेला तर चोर अल्टरनेटरमध्येच आहे, वायरिंगमध्ये नाही.

वायर परत जोडल्यावर चावी बंद असताना एक पाना पुलीच्या नटाजवळ न्या. खेचला गेला तर रोटरला करंट मिळतोय. बंद गाडीत तो खेचला जायलाच नको.

चालू गाडीत बॅटरीवर एसी व्होल्ट मोजतात, डायोड गेला असला की ते वाढतात. चांगल्यात अर्ध्या व्होल्टच्या आत राहतात. पण स्वस्तातले पिवळे मीटर इथे फसवतात. आधी बंद गाडीत एसी रेंजवर बॅटरी मोजा. २५-२६ असा आकडा आला तर तुमचा मीटर डीसीलाच एसी समजतोय, त्याच्या आकड्यावर जाऊ नका.

आणि हे सांगा, अल्टरनेटरच्या पाठीमागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आहे का? असेल तर मागच्या बाजूला तेल दिसतं का ते बोट लावून बघा.

---

ओतूरचा_पिकअपवाला:

ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. चावी बंद असताना २.९ अँप दाखवतो. बी प्लस काढली की ०.०२. पाना पुलीच्या नटाला चिकटतो, सोडवताना जोर लागतो. सकाळी अल्टरनेटरला हात लावला तर कोमट होता, रात्रभर गाडी हललेली नसताना! मीटर पिवळाच आहे, बंद गाडीत एसीवर २६ दाखवतो, म्हणून ती तपासणी सोडून दिली.

पाठीमागे व्हॅक्यूम पंप आहे. पंप नि अल्टरनेटरच्या सांध्याला काळं तेल आहे, धूळ बसून त्याचा थर झालाय. आता उघडू का?

---

वाइंडिंगवाली_आष्टा:

उघडा. २.९ अँप म्हणजे दहा तासांत २९ अँप-तास. ७५-८० च्या जुन्या बॅटरीला एवढं गेल्यावर सकाळी सेल्फ उचलायला जीव राहत नाही. बॅटरीवाला खरंच बोलला, तिचा दोष नाही. आणि तो कोमटपणा म्हणजे तुमच्या बॅटरीची वाया गेलेली शक्ती, साधारण ३५ वॅट, रात्रभर रोटरमध्ये जळत राहिली.

माल_वेळेवर भाऊंचं म्हणणं मला कळतं, धंदा थांबत नाही. पण त्या डब्यात तांबं आहे, लोखंडी गाभा आहे, दोन बेअरिंग आहेत आणि त्यातला बहुतेक माल शाबूत असतो. एका डायोडसाठी सगळं भंगारात घालणं मला पटत नाही. शिवाय रिकंडिशन म्हणून जो मिळतो तो कुणीतरी असाच उघडून तपासलेला असतो, किंवा तपासलेला नसतो. हातात मीटर असेल तर स्वतःचा स्वतः तपासलेला बरा.

बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, मग बाकी वायरी. प्रत्येक वायरचा फोटो घ्या. तेलाच्या नळ्या काढल्या की तोंडं स्वच्छ फडक्याने बंद करा, त्यातून इंजिनचं तेल जातं, कचरा नको. पंप वेगळा करा. कार्बनचा होल्डर रोटर काढायच्या आधी सोडवा, नाहीतर कार्बन तुटतात. पुढचं झाकण, मधला स्टेटर आणि मागचं झाकण यांवरून एक सरळ आडवी खूण करून ठेवा.

रोटरपासून सुरू करा. कार्बन ज्यांवर घासतात त्या दोन्ही स्लिप रिंगा झिरो पेपरने हलक्या हाताने पुसा, तेल पेट्रोलच्या फडक्याने काढा. मीटर २०० ओहमवर. आधी मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकवून आकडा लिहून ठेवा, तो नंतर वजा करायचा. रिंग ते रिंग १२ व्होल्टच्या रोटरला साधारण अडीच ते पाच ओहम येतात. खूप कमी आले तर आत वेढे शॉर्ट आहेत, काहीच आलं नाही तर तार तुटली आहे. बहुतेक वेळा ती रिंगला जोडलेल्या टोकाशीच तुटते आणि तिथे परत सोल्डर करता येते. मग एक सुई रिंगवर, दुसरी शाफ्टवर, मीटर सगळ्यात वरच्या ओहमच्या रेंजवर. काहीही दिसता कामा नये. सुया रिंगांवर धरून दुसऱ्याला रोटर हलवायला सांगा, टोकाची तार बोटाने हलकी दाबून बघा. आकडा उडी मारत असेल तर तो रोटर टेबलावर पास होईल आणि घाटात दगा देईल.

कार्बन होल्डरमध्ये बोटाने दाबून सोडा, पटकन वर यायला हवेत. तेल आणि कार्बनची भुकटी मिळून चिकट लगदा होतो, त्यात कार्बन अडकून बसतात. होल्डरबाहेर पाच मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला. तेल प्यायलेले कार्बन लांब असले तरी ठेवू नका.

आता स्टेटर. त्याची तीन टोकं डायोड प्लेटवर सोल्डर केलेली असतात. ती सोडवल्याशिवाय पुढचं काही मोजू नका. जोडलेली असताना तिन्ही डायोड वाइंडिंगमधून एकमेकांना चिकटलेले असतात, एक शॉर्ट असला तरी तिन्ही शॉर्ट दिसतात. ६० वॅट किंवा त्याहून मोठा आयर्न घ्या, टोक चटकन सुटलं पाहिजे.

स्टेटरकडे आधी नुसतं बघा. तिन्ही फेजचं (वाइंडिंगच्या तीन वेगळ्या भागांचं) वार्निश सारखंच काळपट झालं असेल तर अल्टरनेटरने झेपेल त्याहून जास्त ओढ सोसली आहे. एक-दोनच फेज काळ्या आणि बाकी तांबूस असेल तर डायोडने जाळलं आहे. मग प्रत्येक टोक ते लोखंडी गाभा मोजा, पुन्हा काहीही दिसता कामा नये.

टोक ते टोक मोजायला मात्र साधा मीटर उपयोगाचा नाही. तिथे ओहमचा दहावा हिस्सा असतो, तुमच्या सुयांचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त. आमच्या दुकानात असं करतो: बॅटरीच्या प्लसमधून हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घ्यायचा, तिथून स्टेटरच्या पहिल्या टोकाला, आणि दुसऱ्या टोकातून बॅटरीच्या मायनसला. बल्बमुळे करंट साडेचार अँपच्या आसपास बांधला जातो. आता मीटर मिलीव्होल्टवर ठेवून सुया थेट स्टेटरच्या टोकांवर टेकवा आणि आकडा घ्या. अशाच दुसऱ्या-तिसऱ्या आणि तिसऱ्या-पहिल्या टोकांच्या जोड्या. आकडा किती आला याला फार महत्त्व नाही, तिन्ही सारखे आले पाहिजेत. एखाद्या फेजमध्ये वेढे शॉर्ट असतील तर आकडे सारखे येत नाहीत. आकडा घेतला की वायर सोडा, तांबं तापलं की आकडा सरकतो.

डायोड प्लेटवर सहा मोठे डायोड, तीन पॉझिटिव्हच्या प्लेटवर, तीन निगेटिव्हच्या, शिवाय तीन छोटे. मीटर डायोडच्या खुणेवर. प्रत्येकाला एका दिशेने ०.४५ ते ०.६ च्या आसपास आकडा आणि उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडून जवळपास शून्य म्हणजे शॉर्ट, दोन्हीकडून काहीच नाही म्हणजे ओपन. थंडीत पास झालेले डायोड गरम करून परत मोजा, हेअर ड्रायरने किंवा कडक उन्हात ठेवून. गाडीत तो प्लेटसकट चटका बसेल एवढा तापतो, मग त्याची परीक्षा थंडगार टेबलावर का घ्यायची?

कटआउट ओहमवर तपासता येत नाही. तुमच्यासारख्या जुन्या तीन टोकांच्या प्रकाराला हे चालतं: दोन कार्बनांच्या मध्ये ५ वॅटचा बल्ब लावा. बॅटरीचं मायनस कटआउटच्या बॉडीला, प्लस डी प्लसला. बल्ब जळायला हवा. मग बॅटरीच्या प्लसपुढे टॉर्चचा दीड व्होल्टचा एक मोठा सेल सिरीजमध्ये जोडा, साधारण १४.१ होतात, अजून जळायला हवा. दोन सेल जोडले की १५.६ च्या आसपास, आता विझलाच पाहिजे. विझला नाही तर तो कटआउट बॅटरी उकळवेल. कधीच पेटला नाही तर चार्जिंगच होणार नाही. नव्या गाड्यांत जिथे अल्टरनेटर इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतो तिथे हा प्रयोग करू नका.

बेअरिंग हातात फिरवा. खरखर लागली तर बदला, नंबर त्याच्यावरच असतो.

---

एसटी_वर्कशॉप_निवृत्त:

वाइंडिंगवाली ताईंनी क्रम बरोबर दिला आहे. माझी हयात एसटीच्या इलेक्ट्रिकल सेक्शनला गेली. दोन गोष्टी जोडतो.

बस किंवा मोठा ट्रक २४ व्होल्टचा असतो, त्याच्या रोटरचा ओहम १२ व्होल्टवाल्यापेक्षा बराच जास्त येतो. इथे वाचून कुणी तो चांगला रोटर बाद करू नये. चार्जिंगही २८ व्होल्टच्या आसपास बघायचं.

दुसरं, बॉडी शॉर्ट बघायला घरच्या २३० व्होल्टवर सिरीज लॅम्प लावायची जुनी पद्धत आहे. डायोड प्लेट जोडलेली असताना ती लावली तर डायोड जागेवर मरतात, आणि ओल्या जमिनीवर माणूसही. तसंच चालू गाडीत बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग येतंय का' बघणारे अजून भेटतात. वायर काढल्या क्षणी व्होल्ट उसळतात आणि चांगला डायोड, चांगला कटआउट दोन्ही जाऊ शकतात. जुन्या खऱ्या डायनामोच्या काळातली ही सवय अल्टरनेटरला लावू नये. पोरांनो, कुणी करत असेल तर त्याचा हात धरा.

---

ओतूरचा_पिकअपवाला:

काका, ताई, मनापासून आभार. सगळं उघडून मोजलं. आकडे देतो.

सुया टेकवून ०.४. रोटर ३.७, म्हणजे वजा जाता ३.३ ओहम. शाफ्टला काही नाही. हलवूनही आकडा स्थिर. स्टेटरची टोकं गाभ्याला काही नाही. बल्ब लावून ४८६, ४८९ आणि ४८४ मिलीव्होल्ट. वार्निश एका फेजवर किंचित गडद आहे, पण जळका वास नाही.

डायोड: निगेटिव्हचे तिन्ही ०.५१-०.५२. पॉझिटिव्हचे दोन ०.५२, तिसरा दोन्ही बाजूंनी ०.०१. छोटे तिन्ही ठीक. कटआउटचा बल्ब एका सेलवर जळाला, दोन सेलवर विझला. कार्बन लांब आहेत पण तेलाने माखलेले, एक अडकत होता. बेअरिंग गुळगुळीत.

मग एकच डायोड बदलू की पूर्ण प्लेट? आणि हा गेलाच कशाने?

---

वाइंडिंगवाली_आष्टा:

दादा, फार नीट मोजलंत. ३.३ ओहमचा रोटर, मध्ये छोटा डायोड आणि कटआउटमध्ये थोडे व्होल्ट जातात, म्हणजे तीन-सव्वातीन अँप यायला हवेत. तुमच्या मीटरने २.९ दाखवले होते. हिशोब जुळतो, म्हणजे दुसरी कुठली गळती लपलेली नाही.

स्टेटर ठेवा. ४८४ ते ४८९ हा फरक सुई टेकवण्याचा आहे. ज्या फेजवर वार्निश गडद आहे तिथे हवेत वाळणाऱ्या इन्सुलेटिंग वार्निशचा एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. अजून काही दिवस तशीच चालवली असती तर ही फेज जळाली असती आणि मग खरंच माझ्यासारखीकडे रिवाइंडिंगला यावं लागलं असतं.

डायोड प्लेटमध्ये प्रेसने दाबून बसवलेला असतो, एकटा बदलता येतो, पण मी पूर्ण प्लेट घालते. उरलेल्या पाचांनी तीच उष्णता, तेच तेल सोसलंय. प्लेट घेताना जुनी सोबत न्या, भोकं आणि बी प्लसचा बोल्ट जुळवून घ्या, आणि नवी प्लेटही बसवण्याआधी मीटरवर धरा. नवीन म्हणून सोडू नका. कार्बनची जोडी नवी घाला.

गेला कशाने, तर माझं बोट त्या तेलाकडे जातं. पंप आणि अल्टरनेटर यांच्यातली ऑइल सील कडक झाली की इंजिनचं तेल आत झिरपतं. त्यावर धूळ बसून प्लेटवर गोधडी पांघरल्यासारखं होतं आणि डायोडची उष्णता बाहेर निघत नाही. कार्बन अडकतात ते वेगळंच. म्हणून सील आणि पंपाची ओ-रिंग बदलल्याशिवाय नवी प्लेट बसवू नका, नाहीतर हीच प्लेट परत जाईल. सील बसवताना तिची कड तेलाने ओली करा आणि शाफ्टवर खरचटलेली धार नाही ना बघा. तेल परत सम्पमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) सोडणारी नळी चोंदलेली असेल तर नवी सीलही गळेल, तिच्यात हवा मारून मोकळी करा.

तुम्ही माळशेजने भरलेली गाडी उतरवता म्हणून हे जोर देऊन सांगते. तो पंप चार्जिंगसाठी नाही, तुमच्या ब्रेकच्या बूस्टरसाठी, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यासाठी आहे. जोडल्यावर पंपात थोडं स्वच्छ इंजिन ऑइल घाला म्हणजे तो कोरडा फिरणार नाही. व्हॅक्यूमची रबरी नळी चिरलेली असेल तर बदला. मग इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. ते दाबून धरूनच गाडी चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही, आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी गावाबाहेर काढायची नाही.

चार्जिंग असं बघा: चावी फिरवल्यावर दिवा ठळक लागला पाहिजे, चालू झाल्यावर पूर्ण विझला पाहिजे. रेस थोडी वाढवून, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावून बॅटरीवर १३.८ च्या वर. त्याच वेळी मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या बी प्लसच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायरचा थिंबल नि टर्मिनल घासून घट्ट करा. शेवटी चावी काढून तोच २.९ वाला करंट परत मोजा.

---

ओतूरचा_पिकअपवाला:

झालं ताई. प्लेट, कार्बन, सील, ओ-रिंग सगळं नवं. परतीची नळी अर्धी चोंदलेली होती, साफ केली. गाडी चालू, दिवे-वायपर-ब्लोअर सगळं लावून १४.०, सगळं बंद ठेवून १४.३. बी प्लसच्या वायरवर ०.१२. चावी बंद करंट ०.०२. ब्रेकचं पेडल तुम्ही सांगितलं तसं खाली गेलं. आज रात्री माल भरतोय.